कोलायटिस, क्रोन्स आणि आतड्यांच्या तपासण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या सुजेचे आजार, असलेल्या माणसाची फाइल दरवर्षी जाड होत जाते. रक्ताचे रिपोर्ट, शौचाचे रिपोर्ट, दुर्बिणीचे रंगीत फोटो, सीटीच्या फिल्म्स. त्यातल्या निम्म्या कागदांवर काय लिहिलंय ते आपल्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. मी कोलायटिसचा रुग्ण आहे, डॉक्टर नाही. नव्याने निदान झालेले लोक आणि त्यांच्या घरचे फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. औषध सुरू करणं, बंद करणं किंवा बदलणं मात्र तुमच्या गॅस्ट्रोच्या, म्हणजे पोटविकारांच्या, डॉक्टरांना विचारूनच.

शौचातून रक्त जातंय. मूळव्याधच असणार ना? दुर्बीण कशाला?

आपल्याकडे रक्त दिसलं की पहिला शब्द मूळव्याध. पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण मूळव्याधीचं रक्त सहसा शौचानंतर थेंब थेंब पडतं किंवा वरून लागलेलं दिसतं. रक्तासोबत आव पडते, दिवसातून अनेकदा जावं लागतं, रात्री झोपेतून उठून पळावं लागतं, वजन उतरतं, ताप येतो, अशी लक्षणं असतील तर ती मूळव्याधीची नव्हेत. कोलायटिसचे कितीतरी रुग्ण मूळव्याधीचं चूर्ण आणि मलम वापरत महिनोन्महिने काढतात, आणि दुर्बीण होईपर्यंत हिमोग्लोबिन पार खाली गेलेलं असतं. मूळव्याध खरोखर असली, तरी तिच्याबरोबर आतड्याला सूज असू शकते. म्हणून रक्त थांबत नसेल तर तपासणी टाळू नका.

एकदा निदान झालं, मग पुन्हा पुन्हा तपासण्या का?

कारण प्रत्येक वेळी प्रश्न वेगळा असतो. पहिल्यांदा शोधायचं असतं की आजार कोणता आणि आतड्याच्या किती भागात आहे. पुढे पाहायचं असतं की औषध लागू पडतंय का. मधूनच त्रास वाढला तर तो आजाराचा भडका आहे की जंतुसंसर्ग, हे ठरवायचं असतं. औषधांचा यकृतावर आणि रक्तपेशींवर काय परिणाम होतोय यावर लक्ष ठेवायचं असतं. आणि बऱ्याच वर्षांनी कॅन्सरवर पाळत ठेवायची असते.

कोणतीही तपासणी लिहून दिली की मी डॉक्टरांना एकच विचारतो: या रिपोर्टवरून माझ्या उपचारात काय बदलू शकतं? चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत. उत्तर मिळालं की तपासणी का करायची ते कळतं. कधी कधी ‘सध्या काहीच बदलणार नाही’ असंही उत्तर येतं. मग ती तपासणी पुढे ढकलता येईल का, हे सरळ विचारावं.

मला अगदी बरं वाटतंय. तरी तपासणी लागते?

लागते. लक्षणं आणि सूज नेहमी सोबत चालत नाहीत. जुलाब थांबलेले असतात, पण आतल्या अस्तरावर व्रण तसेच असतात, असं क्रोन्समध्ये विशेषकरून होतं. त्या दबलेल्या सुजेमुळे पुढे आतडं अरुंद होतं किंवा फिस्तुला, म्हणजे आतड्यातून दुसरीकडे फुटलेली वाट, होतो. म्हणून आता उपचाराचं ध्येय फक्त ‘बरं वाटणं’ एवढं धरत नाहीत. आतलं अस्तर भरून यायला हवं, असं मानतात.

कॅलप्रोटेक्टिन म्हणजे काय?

माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी समजावून सांगितली जाणारी तपासणी हीच. आतड्याला सूज आली की पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. त्यांच्यातलं कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन शौचात उतरतं. ते मोजलं की दुर्बीण न घालता सुजेचा अंदाज येतो.

आकडा मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅममध्ये असतो. साधारणपणे ५० च्या आत असेल तर सूज नसण्याची शक्यता खूप जास्त. २५० च्या वर असेल तर सूज बहुधा चालू आहे. मधला पट्टा संदिग्ध. तिथे घाबरून औषध बदलत नाहीत. काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

नमुना देताना लॅबमधून मिळालेल्या डबीच्या झाकणालाच छोटा चमचा असतो. शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा नमुना घ्या. त्यात लघवी किंवा कमोडचं पाणी मिसळू देऊ नका. कमोडमध्ये आधी जाडसर कागद पसरला की काम सोपं होतं. लगेच लॅबला जाणं जमत नसेल तर डबी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. पाळी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबलेलं बरं.

हे प्रथिन फक्त आपल्याच आजारात वाढतं असं नाही. जुलाबाचा साधा संसर्ग, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, यांनीही आकडा चढतो. मागच्या काही आठवड्यांत गुडघेदुखीसाठी किंवा डोकेदुखीसाठी काय घेतलं ते डॉक्टरांना सांगा. या गोळ्यांनी काही जणांचा आजारही उफाळतो, तेव्हा अंगदुखीला कोणतं औषध चालेल ते एकदाच विचारून ठेवा.

शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये जा. वेगवेगळ्या किटचे आकडे जुळत नाहीत. ९० वरून ४०० झाले हे महत्त्वाचं आहे, पण दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले असतील तरच.

सीआरपी नॉर्मल आहे, म्हणजे सूज नाही ना?

तसं म्हणता येत नाही. सीआरपी हे रक्तात मोजायचं प्रथिन, ते शरीरातली सूज दाखवतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज फक्त आतल्या अस्तरापुरती असते, त्यामुळे आजार चालू असूनही सीआरपी नॉर्मल राहू शकतं. काहींच्या शरीरात ते फारसं वाढतच नाही. आधीच्या भडक्यात तुमचं सीआरपी वाढलं होतं का ते जुन्या रिपोर्टमध्ये बघा. वाढलं असेल तर पुढेही ते तुमच्या कामाचं. आणि एकक नीट पाहा. कुठे मिलिग्रॅम प्रति लिटर असतं, कुठे प्रति डेसिलिटर. १० पटींचा फरक पडतो, आणि त्यावरून घरात उगाच रडारड होते.

फेरिटिनबद्दलही असंच. शरीरात लोह किती साठलंय ते यावरून कळतं, पण सूज असली की फेरिटिन खोटंच वाढतं. म्हणून आजार चालू असताना फेरिटिन १०० च्या आत असलं तरी लोहाची कमतरता असू शकते. बी-१२ छोट्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं. क्रोन्स बहुतेकदा तिथेच असतो. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं, तेव्हा क्रोन्सच्या रुग्णांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावं.

कोलोनोस्कोपीची तयारी कशी करायची?

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण. तपासणीपेक्षा तयारी अवघड, असं बहुतेक जण सांगतात, आणि ते खरं आहे. पण तपासणी चांगली होणं सर्वस्वी या तयारीवर अवलंबून आहे. आतडं स्वच्छ नसेल तर छोटे व्रण दिसत नाहीत आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

आधीचे दोन-तीन दिवस चोथा कमी खायचा. मऊ पांढरा भात, वरणाचं पाणी, दही, ताक, साल काढलेला बटाटा, पांढरा ब्रेड, साबुदाण्याची पेज चालते. साबुदाण्याची खिचडी नको, कारण तिच्यात दाण्याचं कूट. भाकरी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, खोबरं, तीळ, जवस, टोमॅटो, पेरू, अंजीर, डाळिंब सगळं बंद. बिया दुर्बिणीच्या नळीत अडकतात. सब्जा सरबतातही नको.

आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक पदार्थ: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा, गाळलेलं भाजीचं सूप. दूध नाही. कोकणात आणि गोव्यात घरोघरी कोकम सरबत असतं, पण ते आणि सोलकढी या दिवशी टाळा. लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

पावडर बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची असते. आपल्याकडे लोक तिला ‘पेगलेक’ याच नावाने ओळखतात. ती २ लिटर पाण्यात विरघळवून प्यायची. चव खारट, किंचित तेलकट. आधीपासून फ्रिजमध्ये गार केलेलं पाणी घ्या, स्ट्रॉ वापरा, वाटल्यास लिंबू पिळा, साखर घालू नका. दर १५ मिनिटांनी एक ग्लास. मळमळलं तर अर्धा तास थांबा, फेऱ्या मारा, मग पुन्हा सुरू करा. अर्धी पावडर आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या दिवशी पहाटे, असं दोन भागांत घेतलं की आतडं जास्त स्वच्छ होतं आणि सोसवतंही. सकाळच्या नंबरासाठी पहाटे ४ ला उठावं लागलं तरी उठा. शेवटी शौच पिवळसर, पाण्यासारखं आणि आरपार दिसणारं झालं की तयारी पुरी झाली. ते गढूळ किंवा तपकिरी असेल तर जाताच तिथल्या सिस्टरना सांगा.

सुरुवात करण्याआधीच शौचाच्या जागी पेट्रोलियम जेली लावून ठेवा. कागदाने पुसण्यापेक्षा पाण्याने धुऊन मऊ कपड्याने टिपा. ही साधी गोष्ट कुठल्याही छापील सूचनेत नसते, आणि तिच्यावाचून हाल होतात.

एक सावधगिरी: पोट फुगतं, उलट्या होतात, गॅस सरकत नाही, अशी लक्षणं असतील तर पावडर पिऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. आतडं अरुंद झालं असेल तर धोका होतो. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी सोडियम फॉस्फेटची औषधं टाळावी. शिवाय या औषधांनी अस्तरावर बारीक व्रण उठतात, ते क्रोन्ससारखे दिसतात.

चालू औषधांचं काय करायचं?

लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं. मेसालामाइन हे कोलायटिसचं नेहमीचं औषध बहुधा चालू ठेवतात. स्टिरॉइड बरेच दिवस चालू असेल तर ते परस्पर कधीच बंद करू नका. रक्त पातळ करणारी औषधं आणि मधुमेहाची औषधं, विशेषतः इन्सुलिन, यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं त्या धांदलीत लक्षात राहत नाही.

दुखतं का?

झोपेचं इंजेक्शन दिलं तर बहुतेकांना काही आठवत नाही. न घेता केली तर गॅस भरल्यासारखी कळ येते, वळणांवर जास्त. सोबत घरचं माणूस हवंच. त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. नंतर गॅससाठी चालत राहा. पोट कडक होऊन सतत दुखायला लागलं, ताप आला किंवा बरंच रक्त गेलं, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा. आतड्याला छिद्र पडणं फार क्वचित होतं, पण तिथे प्रत्येक तास महत्त्वाचा.

दुर्बिणीच्या रिपोर्टमधले शब्द कळत नाहीत.

आधी पाहा, दुर्बीण कुठपर्यंत गेली. ‘टर्मिनल आयलियम’ लिहिलं असेल तर मोठं आतडं ओलांडून छोट्या आतड्याच्या टोकापर्यंत पाहिलं. क्रोन्सच्या संशयात हे झालंच पाहिजे. मग ‘बोस्टन स्कोर’ पाहा. तो ९ पैकी असतो आणि तयारी कशी होती ते सांगतो. ६ किंवा जास्त, आणि तिन्ही भागांत किमान २, म्हणजे चांगली.

‘मेयो’ हा सूज किती आहे ते सांगणारा आकडा, ० ते ३ असतो. ० म्हणजे अस्तर शांत, १ म्हणजे लाली, रक्तवाहिन्यांची नक्षी पुसट, २ म्हणजे नक्षी दिसेनाशी आणि अस्तर खरवडलेलं, ३ म्हणजे व्रण आणि आपोआप रक्त येणं. ‘स्यूडोपॉलिप’ या शब्दाने बरेच जण हादरतात. व्रण भरताना उरलेले ते उंचवटे असतात. ते कॅन्सरचे गोळे नव्हेत. ‘क्वायसेंट’ म्हणजे आजार शांत आहे.

बायोप्सी घेतली म्हणजे कॅन्सरचा संशय आहे का?

नाही. आपल्या आजारात बायोप्सी हा नेहमीचाच भाग आहे. अस्तराचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतात, आणि ते घेताना दुखत नाही. रिपोर्टला काही दिवस लागतात. ‘क्रॉनिक नॉन-स्पेसिफिक कोलायटिस’ असं आलं तर त्याचा अर्थ एवढाच की सूज जुनी आहे, पण कारण या तुकड्यावरून सांगता येत नाही. दुसरं मत घ्यायचं असेल तर लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक मागता येतात.

डॉक्टर म्हणतात टीबी की क्रोन्स ते सांगता येत नाही. असं कसं?

हा प्रश्न भारतात फार येतो आणि डॉक्टरांसाठीही तो खरंच कठीण आहे. दोन्ही आजार छोट्या आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी बसतात. दोन्हींत ताप, वजन घटणं, पोटदुखी. दोन्हींत बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींची सूक्ष्म गाठ, सापडू शकतो.

डॉक्टर मग एकेक धागा जोडतात. पोटात पाणी, छातीच्या एक्स-रेवर डाग, सीटीत मधोमध कुजलेल्या गाठी असतील तर पारडं टीबीकडे झुकतं. बरीच वर्षं चाललेले जुलाब, रक्त, गुदद्वाराजवळ फिस्तुला असेल तर क्रोन्सकडे. बायोप्सीच्या तुकड्यावर टीबीचा जंतू शोधणारी जीनएक्सपर्ट, म्हणजे सीबीनॅट, आणि कल्चर करतात. सीबीनॅट पॉझिटिव्ह आली तर निदान जवळपास पक्कं, पण निगेटिव्ह आल्याने टीबी नाही असं सिद्ध होत नाही, कारण आतड्याच्या टीबीत जंतू फार थोडे असतात. माँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही टीबीची चाचणी पॉझिटिव्ह आली तर शरीराचा टीबीच्या जंतूशी कधीतरी संबंध आला, एवढंच कळतं. आत्ता आतड्यात काय चाललंय ते नाही.

तरीही उत्तर मिळालं नाही तर आधी टीबीची औषधं देतात. क्रम उलटा करता येत नाही. टीबी असताना स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, दिली तर तो शरीरभर पसरू शकतो. सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करून व्रण भरले का पाहतात. ही दुसरी दुर्बीण चुकवू नका. भूक लागणं, वजन थोडं वाढणं हे क्रोन्समध्येही होतं, त्यामुळे बरं वाटतंय म्हणून टीबीच होता असं ठरवता येत नाही. व्रण भरले तर टीबीचा कोर्स पूर्ण करायचा. नाही भरले तर औषधाला दाद न देणारा टीबी आहे की क्रोन्स, ते पाहायचं. व्रण न भरता टीबीची औषधं महिनोन्महिने चालू राहिली तर तेवढ्यात क्रोन्स आतडं आवळत जातो. सरकारी कार्यक्रमात टीबीची औषधं मोफत मिळतात, खासगी डॉक्टरांच्या रुग्णालाही.

सीटी करू, एमआर की सोनोग्राफी? आणि कॅप्सूल?

छोटं आतडं जवळपास ६ मीटर लांब, नेहमीची दुर्बीण त्याच्या दोन्ही टोकांनाच पोचते. मधल्या भागासाठी एंटेरोग्राफी, म्हणजे छोट्या आतड्याची खास सीटी किंवा एमआर (एमआरआय). त्याआधी तासाभरात लिटरभर किंवा जास्त गोडसर द्रव पाजतात. त्याने आतडं फुगतं आणि भिंत दिसते. सीटी लवकर होते, इमर्जन्सीत तीच बरी, पण तिच्यात किरणोत्सर्ग असतो. तरुण वयात, वारंवार करायची असेल तर एमआर मिळते का ते विचारा. गुदद्वाराजवळच्या फिस्तुलासाठी ओटीपोटाची (पेल्व्हिक) एमआर सर्वांत चांगली. शिरेतून कॉन्ट्रास्ट देणार असतील तर क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) आधी पाहतात, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगायचं.

आतड्याची सोनोग्राफी काही केंद्रांत होते. भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड असली तर सूज धरतात. सुई नाही, किरण नाहीत, पावडर नाही. ती जास्त ठिकाणी मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

कॅप्सूल म्हणजे गिळायचा कॅमेरा. आतडं अरुंद असेल तर तो अडकतो, म्हणून क्रोन्समध्ये आधी वाट मोकळी आहे याची खात्री करतात. कॅप्सूल शौचातून बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायची नाही.

अचानक त्रास वाढला. लगेच पूर्ण कोलोनोस्कोपी करावी का?

तीव्र भडक्यात सहसा करत नाहीत. शौचाची तपासणी आधी: साधा संसर्ग, अमीबा, आणि सी. डिफिसाइल हा अँटिबायोटिकनंतर वाढणारा जंतू. अँटिबायोटिक नुकतंच घेतलं असेल तर ते आवर्जून सांगा. मग पावडर न पिता छोटी दुर्बीण घालून खालचा भाग पाहतात आणि बायोप्सीत सीएमव्ही विषाणू शोधतात, विशेषतः स्टिरॉइड लागू पडत नसेल तेव्हा. पोटाचा एक्स-रे मोठं आतडं धोकादायक फुगलंय का ते दाखवतो. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा वाढलेली नाडी असेल, तर तपासण्यांची यादी घरी करत बसू नका, भरती व्हा.

आजाराला बरीच वर्षं झाली. कॅन्सरची तपासणी कधी?

मोठ्या आतड्याचा बराच भाग आजारी असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी पाळतीची कोलोनोस्कोपी सुरू करतात. पुढे धोक्यानुसार १ ते ५ वर्षांनी. यकृताच्या नलिकांचा पीएससी नावाचा आजार असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी. सूज फक्त गुदाशयापुरती असेल तर इतकी पाळत लागत नाही. ही तपासणी आजार शांत असताना करावी, कारण सुजलेल्या अस्तरात सुरुवातीचे बदल ओळखता येत नाहीत.

अझाथायोप्रिन चालू केल्यावर सतत रक्त का काढतात?

या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात म्हणून. सुरुवातीला रक्त लवकर लवकर तपासतात, मग अंतर वाढवतात. भारतीयांमध्ये एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला फरक यासाठी महत्त्वाचा आहे. औषध सुरू करण्याआधी ती चाचणी करता येईल का ते विचारा. बायोलॉजिक किंवा टोफासिटिनिब (तसंच काम करणारी गोळी) याआधी छातीचा एक्स-रे, टीबीची चाचणी, हेपेटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पाहतात. सगळ्यांचीच पाहतात, तुमच्यावर कुणाचा संशय आहे म्हणून नव्हे.

गरोदरपणात काय चालतं?

कॅलप्रोटेक्टिन, सोनोग्राफी चालते. गरज पडली तर छोटी दुर्बीण आणि कॉन्ट्रास्टशिवाय एमआरही. तपासणीच्या भीतीने औषध सोडणं मात्र बाळाला आणि आईला जास्त धोक्याचं, कारण चालू आजारानेच गुंतागुंत वाढते.

सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट बिघडलेलंच. मग माझ्या मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. सूज शमल्यावरही आतडं चिडखोर राहू शकतं, त्याला आयबीएस म्हणतात. छोट्या आतड्याचं टोक कापलेलं असेल तर पित्त मोठ्या आतड्यात उतरून जुलाब होतात. दूध पचत नसेल, जंतूंची वाढ झाली असेल, तर त्यावर वेगळे उपाय आहेत. नॉर्मल कॅलप्रोटेक्टिनचा खरा फायदा इथे होतो: स्टिरॉइड वाढवायचं नाही, दुसरीकडे शोधायचं. ‘नॉर्मल आहे, जा’ एवढ्यावर गप्प बसू नका. त्रास लिहून न्या आणि पुन्हा विचारा.

खर्च झेपत नाही. आणि एवढे कागद सांभाळायचे कसे?

मुंबईत केईएम, सायन आणि जेजे, नागपुरात सरकारी सुपर स्पेशालिटी, अशा ठिकाणी गॅस्ट्रोचे विभाग आहेत आणि तिथे खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. गर्दी असते, नंबर लांबचा मिळतो, म्हणून ठरलेल्या तपासणीची तारीख आधीच घेऊन ठेवा. महात्मा जोतिराव फुले योजनेत तुमचं काय बसतं ते त्या इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या.

कागदांसाठी वहीचं एक पान पुरतं. रकाने असे: तारीख, हिमोग्लोबिन, सीआरपी, कॅलप्रोटेक्टिन, वजन, दिवसात किती वेळा शौच, चालू औषध आणि डोस. दुर्बिणीची तारीख आणि मेयो आकडा खाली. रिपोर्टचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं उडतात. डॉक्टरांच्या टेबलावर जाड फाइल ठेवण्याआधी हे पान त्यांच्यापुढे धरा. रांगेत मिळालेली पाच मिनिटं पानं उलटण्यात जात नाहीत.